गोविंदराव टेंबे आणि पेटीवरील बंदी

गोविंदराव टेंबे ९ ऑक्टोबर १९५५ रोजी निवर्तले, तेव्हा ज्या वाद्याने त्यांना प्रथम लौकिक मिळवून दिला त्या पेटीला सरकारी रेडिओच्या दालनात प्रवेश नव्हता. ऑल इंडिया रेडिओने १ मार्च १९४० पासून हार्मोनियमला मज्जाव केला होता. इंग्रजी अमदानीतील ही बंदी स्वतंत्र भारताच्या सरकारनेही चालू ठेवली आणि ती सैल झाली १९७१ मध्ये, तीही प्रथम वरच्या श्रेणीच्या कलावंतांच्या साथीपुरती. म्हणजे एका थोर पेटीवादकाच्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे त्याचे वाद्य देशाच्या रेडिओवर बहिष्कृत होते. हा केवळ संगीतरसिकांच्या हळहळीचा विषय आहे, असे मला वाटत नाही.

पेटीविरुद्धचे आक्षेप निराधार नव्हते, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. तिचे सूर जागच्या जागी खिळलेले. त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तीतून निघत नाही, दरबारीचा आंदोलित गांधार कोणत्याच पट्टीखाली सापडत नाही. सप्तकाचे बारा समान भाग केल्याने काही स्वर आपल्या नैसर्गिक स्थानापासून किंचित ढळतात, तेही खरेच. रवींद्रनाथांसारख्या कवीने जानेवारी १९४० मध्ये कलकत्ता केंद्राला पत्र लिहून या वाद्याला विरोध दर्शविला होता. तथापि पेटी अभारतीय आहे असे सांगणाऱ्यांत दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताची बाजू सांभाळणारे जॉन फोल्ड्स हे इंग्रज गृहस्थ अग्रभागी असावेत, यातील विनोद कोणाच्या लक्षात आला नाही काय?

या आक्षेपांना टेंब्यांचे उत्तर त्यांच्या कामात आहे. कोल्हापूरच्या देवल क्लबातील श्रवण, भास्करबुवा बखल्यांची साथसंगत आणि अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीचा निदिध्यास यांतून त्यांचा हात तयार झाला. पुढे खाँसाहेबांचे चरित्रही त्यांनीच लिहिले. पट्ट्यांवर गळ्याची नक्कल हुबेहूब होणार नाही हे जाणूनच गायकीचा आशय बोटांत उतरविण्याची त्यांची धडपड होती. १९११ साली किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले, त्याच्या चाली टेंब्यांच्या. तोवर पदांच्या चालींची योजना बहुधा नाटककारच करीत असे. संगीत देणारा वेगळा माणूस ही कल्पना येथे ठसली. पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांचा, कजरीचा ढंग त्यांनी मराठी पदांत आणला आणि महाराष्ट्राने तो इतका आपलासा केला की त्याचे मूळ विचारण्याची गरजही कोणाला भासली नाही. १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे स्वतःची शिवराज मंडळी काढली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या बोलपटात संगीतही त्यांचे आणि हरिश्चंद्रही तेच.

परक्या वाद्यातून आपल्या मातीचे गाणे काढण्याचा प्रश्न केवळ आपल्यापुढेच आला असे नाही. पियानो जन्मला इटलीत; पण स्पेनच्या इसाक आल्बेनिथ (१८६०–१९०९) या पियानोवादक संगीतकाराने त्यावर आपल्या देशातील गिटारीचा झणत्कार उमटविला. त्याची ‘आस्तूरियास’ ही रचना मुळात पियानोसाठी लिहिलेली, आज ती गिटारवादकांच्याच हाती अधिक ऐकू येते. उसनवारी व्याजासह परत फिटल्याचे याहून चांगले उदाहरण अर्थशास्त्राच्या वर्गात मला देता येणार नाही.

आपली पेटीही अशीच. १८४२ साली पॅरिसमध्ये दबँ याने तिचे एकाधिकारपत्र घेतले. बैठकीत मांडीशी ठेवून एका हाताने भाता हलवावा व दुसऱ्याने वाजवावे, हा बदल कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांसारख्या कारागिरांचा. सूर आधी परदेशातून येत, पुढे ते गुजरातेत पालिताण्याला बनू लागले. स्वदेशीकरण म्हणतात ते याहून निराळे काय असते?

बंदीचा खरा भार मात्र वाद्यावर पडला नाही, वाजविणाऱ्यावर पडला. संस्थाने गेली, नाटक कंपन्या मोडल्या, आणि गाण्या-बजावण्याचा सर्वांत मोठा आश्रयदाता सरकारी रेडिओ उरला. जेथे ग्राहक जवळजवळ एकच, तेथे त्याची नावड हीच बाजारपेठेची मंदी ठरते. सौंदर्यशास्त्राचा वाद विद्वानांनी केला. त्याची किंमत साथीदाराने मोजली.

आमच्या नाकाडोंगरीकडे मँगनीजच्या खाणींतून पाळी संपवून आलेला माणूस रात्री भजनाला बसतो, तो पेटीच्या आधाराने. तीन दशकांच्या बंदीची वार्ताही या पेटीपर्यंत पोहोचली नसेल. दिवाळीनंतर झाडीपट्टीत वडशाच्या नाटक मंडळ्या रात्रभर खेळ करतात. तेथेही पट्ट्यांवर बोटे चालविणाऱ्यावाचून गाणे उभे राहत नाही. परंतु मुंबई-पुण्याच्या कार्यक्रमाची पत्रिका घ्या की आमच्याकडच्या नाटकाचे हस्तपत्रक, पेटीवाल्याचे नाव असलेच तर तळाशी, बारीक टाइपात. मानधनाचा आकडा तर विचारूच नये! रेडिओने दार उघडले त्याला अर्धशतक उलटून गेले. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांचे, गावोगावच्या उत्सवांचे अंदाजपत्रक आपणच शिक्षक-कारकून मंडळी करतो. त्यात मंडपाची व ध्वनिक्षेपकाची रक्कम आधी ठरते, उरले तर साथीदाराचे पाकीट. यंदा हा क्रम उलटा करून पाहण्यास कोणाची हरकत आहे?