धडकेनंतरचा माइक : उत्तर द्यायचे, टाळायचे की थांबायचे?

अबुधाबीत ७ डिसेंबर २०२५ रोजी मॅक्स वर्स्टापेनने शर्यत जिंकली आणि विश्वविजेतेपद गमावले. लँडो नॉरिसचे गुण ४२३, वर्स्टापेनचे ४२१. शर्यतीनंतरच्या पत्रकार परिषदेत त्याला विचारण्यात आले ते सहा महिन्यांपूर्वीच्या स्पेनच्या शर्यतीबद्दल. तिथे जॉर्ज रसेलच्या गाडीला धडक दिली नसती तर आज चित्र वेगळे असते, त्याबद्दल आता काय वाटते? वर्स्टापेन वैतागला. अख्ख्या हंगामातले तुम्हाला तेवढेच आठवते का, असे त्याने सुनावले आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरच्या हसण्यावरही टोमणा मारला. ती क्लिप तासाभरात जगभर फिरली. हल्ली फॅनकोडवर शर्यत मोबाइलवरच दिसते, त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या कॉलेजकट्ट्यांवरही ती पोहोचली आणि दोन तट पडले. एकाचे म्हणणे, पत्रकाराने मुद्दाम खपली काढली. दुसऱ्याचे म्हणणे, विचारायलाच हवे होते.

आमचे मत दुसऱ्या बाजूचे आहे आणि त्याला कारण आहे साधे गणित.

नऊ गुणांचा हिशेब

१ जून २०२५, बार्सिलोना. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात संघाने वर्स्टापेनला सांगितले, रसेलला पुढे जाऊ दे. त्याने गाडी हळू केली, रसेल पुढे आला आणि मग वर्स्टापेनची गाडी त्याच्यावर आदळली. पाचव्या क्रमांकावर रेषा ओलांडलेल्या वर्स्टापेनला १० सेकंदांचा दंड झाला आणि तो दहावा ठरला. पाचव्या क्रमांकाला १० गुण मिळतात, दहाव्याला १. म्हणजे ९ गुण गेले आणि विजेतेपद हुकले २ गुणांनी. शिवाय त्याच्या परवान्यावर ३ दंडगुण चढले. एकूण झाले ११. बारा झाले की एका शर्यतीची बंदी, असा नियम आहे.

आता त्याची उत्तरे पाहा. शर्यत संपताच विचारले गेले, धडक मुद्दाम दिली का? त्याने उलट विचारले, त्याने काय फरक पडतो? रसेल काय म्हणतो ते सांगितल्यावर, पुढच्या वेळी त्याच्यासाठी टिश्यू पेपर आणतो, असा टोला हाणला. दुसऱ्या दिवशी इन्स्टाग्रामवर मात्र लिहिले की ते योग्य नव्हते, तसे व्हायला नको होते. आणि डिसेंबरात पुन्हा चिडचिड. माणूस तोच, धडक तीच, पण संध्याकाळी एक उत्तर, सकाळी दुसरे आणि सहा महिन्यांनी तिसरे. रात्र मध्ये गेली की माणूस बदलतो, हे कोणालाही कळते. मग ती रात्र खेळाडूला का मिळत नाही?

गाडीतून उतरला की थेट कठड्यापाशी

फॉर्म्युला-१ मध्ये शर्यत संपली की चालकांना एका कठड्याआड उभ्या असलेल्या कॅमेऱ्यांसमोरून जावे लागते. त्याला मीडिया पेन म्हणतात. पहिल्या तिघांची वेगळी पत्रकार परिषद होते. जो धडक होऊन मध्येच बाहेर पडला, त्यालाही सुटका नाही. उलट त्याची पाळी लवकर येते, कारण बाकीचे अजून शर्यतीत असतात. घामाने भिजलेला, कदाचित दुखापत लपवणारा आणि रागाने लाल झालेला तो माणूस पहिल्या माइकपाशी पोहोचतो तेव्हा रिप्लेही त्याने नीट पाहिलेला नसतो. शेजारी संघाचा प्रसिद्धी अधिकारी रेकॉर्डर धरून उभा असतो, कारण उद्या वाक्य तोडून छापले गेले तर मूळ वाक्य हाताशी हवे.

त्यातच पंचांची चौकशी बाकी असते. दोन्ही चालकांना बोलावून, चित्रफीत आणि गाडीतला डेटा पाहून निर्णय होतो. म्हणून जाणते चालक ठरलेले वाक्य टाकतात : आधी फुटेज बघतो, मग बोलतो. प्रेक्षकाला ते कंटाळवाणे वाटते. पण या वाक्यात डावपेच आहे तसा प्रामाणिकपणाही आहे. ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या वेगात, हेल्मेटच्या फटीतून आणि इवल्याशा आरशात त्याने जे पाहिले ते अर्धेच असते.

आपल्याकडे अजिंठा चौफुलीवर दोन गाड्या घासल्या तर पहिले वाक्य काय निघते? ‘काय भो, दिसत नाही का?’ चूक कोणाची ते नंतर. रेसिंगच्या चालकांनाही हाच मोह होतो.

काकडी आणि कार्तिकेयन

आपल्याला जवळचे उदाहरण २५ मार्च २०१२ चे, मलेशियातले. तेव्हाचा विश्वविजेता सेबॅस्टियन वेटेल चौथ्या क्रमांकावर होता. एक फेरी मागे असलेल्या नारायण कार्तिकेयनला ओलांडताना दोघांच्या गाड्या घासल्या, वेटेलचा टायर फाटला आणि तो अकरावा आला. गुण शून्य. गाडीतून त्याने मधले बोट दाखवले. नंतर जर्मन माध्यमांशी बोलताना, रस्त्यावर असतात तशा शर्यतीतही काही काकड्या गाडी चालवतात, असे तो म्हणाला. जर्मन बोलीत गाडी धड न चालवता येणाऱ्याला काकडी म्हणतात. पंचांनी कार्तिकेयनला २० सेकंदांचा दंड केला, म्हणजे कागदावर चूक त्याचीच ठरली.

मग भारतीय पत्रकार कार्तिकेयनकडे गेले. वेटेल तुम्हाला असे म्हणाला, तुम्ही काय म्हणता? हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. यात घटनेबद्दल काहीच विचारलेले नाही, फक्त एकाचे बोल दुसऱ्याच्या कानात ओतले आहेत. कार्तिकेयननेही उत्तर दिले. विश्वविजेत्याला हे शोभत नाही, आपले नैराश्य तो माझ्यावर काढतोय, असे सांगत त्याने वेटेलला रडक्या पोराच्या पंक्तीत बसवले. दोन दिवस मथळे झाले. तो वळणावर थोडा बाहेर गेला होता का, निळा झेंडा दिसल्यावर मागच्या फेरीतल्या चालकाने नेमके काय करायचे असते, हे ज्याला समजून घ्यायचे होते त्याला त्या मथळ्यांतून काही मिळाले नाही. पुढे २०१३ पर्यंत ग्रेटर नोएडाच्या तिन्ही भारतीय शर्यती वेटेलनेच जिंकल्या आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. काकडी सगळे विसरले.

बोचरा प्रश्न आणि खोडसाळ प्रश्न

आयर्टन सेन्नाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. २१ ऑक्टोबर १९९० ला जपानच्या सुझुकात पहिल्याच वळणावर त्याची आणि अलेन प्रोस्टची धडक झाली. दोघे बाहेर पडले आणि विजेतेपद सेन्नाला मिळाले. पुढच्या शर्यतीच्या वेळी ॲडलेडमध्ये जॅकी स्ट्युअर्ट त्याची मुलाखत घेत होता. स्ट्युअर्ट स्वतः तीन वेळचा विश्वविजेता. त्याने तोंडावर विचारले, इतर विजेत्यांच्या मानाने तुझ्या धडका इतक्या जास्त का? सेन्ना भडकला. समोर फट दिसली आणि ती घेतली नाही तर तुम्ही रेसिंग चालक उरत नाही, अशा अर्थाचे त्याने दिलेले उत्तर आजही टी-शर्टवर छापतात. टी-शर्टवर न छापलेली बाब अशी की, वर्षभराने त्याच सुझुकातल्या पत्रकार परिषदेत सेन्नाने जवळपास कबूलच केले की १९९० ला मागे हटायचे नाही हे त्याने आधीच ठरवले होते.

म्हणजे प्रश्न बोचरा होता आणि बरोबरही होता. स्ट्युअर्टने कृतीबद्दल विचारले, आकड्यांच्या आधारे विचारले आणि तोंडावर विचारले. ‘तो तुला असे म्हणाला’ या प्रश्नात यातले काहीच नसते.

नियामक संस्था मात्र प्रश्नाचा दर्जा मोजत नाही, उत्तरातला शब्द मोजते. सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला वर्स्टापेनने पत्रकार परिषदेत आपल्याच गाडीबद्दल एक शिवी वापरली. त्याला लोकोपयोगी कामाची शिक्षा झाली आणि ती त्याने रवांडात पुरी केली. तोवर त्याने काय केले? पुढच्या पत्रकार परिषदेत एक-दोन शब्दांची उत्तरे दिली आणि बाहेर येऊन मार्गिकेत त्याच पत्रकारांशी मनमोकळे बोलला. नियम पाळला आणि नियमाची खिल्लीही उडवली. त्याच वर्षी मेक्सिकोत शार्ल लक्लेरला अशाच शब्दापायी १० हजार युरोंचा दंड झाला, त्यातला निम्मा स्थगित.

आपल्या आखाड्यात

हे सगळे परदेशातल्या कोट्यधीशांचे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. त्याने २ फेब्रुवारी २०२५ ची अहिल्यानगरची महाराष्ट्र केसरी आठवावी. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ विजयी घोषित झाला. आपली पाठ टेकलीच नाही, व्हिडिओ पाहा, असे शिवराज राक्षेचे म्हणणे होते. त्याने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड काही सेकंद उरले असताना मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

लाथ चूकच होती, त्यावर दुमत नाही. पण त्यानंतरचे दोन दिवस आठवा. गर्दीत अडकलेल्या, संतापलेल्या पैलवानासमोर माइकांचा गुच्छ आला. दुसऱ्या दिवशी एका माजी महाराष्ट्र केसरीला माइक दिला गेला आणि पंचाला गोळीच घालायला हवी होती, अशा अर्थाचे वाक्य बाहेर पडले. चर्चा पाठ टेकली की नाही यावरून गोळीवर गेली. फॉर्म्युला-१ मध्ये निदान कठडा असतो, बाजूला माणूस असतो आणि चित्रफीत पाहून निर्णय देणारे पंचही असतात. आखाड्यात पैलवानाला यातले एकही मिळाले नाही.

खान्देशाला कुस्ती शिकवायची गरज नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीने २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा आणली. गावोगावच्या दंगलींत त्याच्या वाटेने जाऊ पाहणारी पोरे आहेत. कबड्डी आहे, कॉलेजचे सामने आहेत. आणि प्रत्येक मैदानाच्या कडेला आता दोन-चार पोर्टलवाले बूम घेऊन उभे असतात. प्रश्नही ठरलेला : ‘भाऊ, तुझ्यावर अन्याय झाला ना?’ अठरा वर्षांचा पोरगा दुसरे काय म्हणणार? तो ‘हो’ म्हणतो, पंचाचे नाव घेतो, जमलेच तर गावाचे आणि जातीचेही निघते. तीस सेकंदांची रील लाखभर लोक बघतात. शिस्तभंगाची नोटीस मात्र त्या पोराला येते, रील टाकणाऱ्याला नाही.

यावर उपाय महागडा नाही. धुळ्याच्या गरुड मैदानावर किंवा जळगावच्या सागर पार्कवर मांडव टाकणारे आयोजक पाहुण्यांसाठी सोफे आणतात. त्यांनी एक दोरी बांधून पत्रकारांची जागा ठरवावी. वादग्रस्त निकालानंतर खेळाडूला पंधरा मिनिटे पाणी प्यायला आणि मोबाइलवर का होईना, लढतीचे चित्रीकरण पाहायला द्यावीत. वस्तादांनी पोराला एक वाक्य पाठ करून द्यावे : ‘व्हिडिओ बघतो, तक्रार लेखी देतो, मग बोलतो.’ तक्रार घेण्याची मुदत आणि निकाल देणाऱ्याचे नाव फलकावर लिहिलेले असावे, नाहीतर हे वाक्य पोकळच राहील.

आणि आम्ही, बूम धरणारे? लाथ का मारलीस, हे विचारलेच पाहिजे. पंचांनी व्हिडिओ का पाहिला नाही, हेही विचारले पाहिजे. अहिल्यानगरला त्या रात्री पहिला प्रश्न भरपूर वेळा ऐकू आला, दुसरा प्रश्न मुख्यतः पैलवानच विचारत होता.