इंग्रजीची देवी नको, इंग्रजीचे पान हवे



इंग्रजी बोलता आली म्हणजे इंग्रजी आली, हा आपल्या वस्त्यांमधला आजचा सर्वात महागडा भ्रम आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजीची हमी देणारे फलक दिसतील. मजुरी करणारा बाप सोयाबीनच्या सोंगणीचे पैसे तिथे भरतो. तीन महिन्यांनी पोरगा चार वाक्यांत स्वतःची ओळख करून देतो आणि टाळ्या पडतात. आता त्याच पोरासमोर इंग्रजीतला एक परिच्छेद ठेवा आणि विचारा, लेखकाचे म्हणणे काय आहे? काल वस्तीत जे घडले ते दहा ओळींत लिहून दे म्हणा. तिथे सगळे गप्प.

आम्ही स्पष्टच म्हणतो, हा दोष पोराचा नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बारावीपर्यंत बारा वर्षे. तरी 2023 च्या 'असर' पाहणीत काय दिसले? देशभरातल्या 28 ग्रामीण जिल्ह्यांत 14 ते 18 वयाच्या मुलामुलींपैकी 57.3 टक्क्यांना इंग्रजी वाक्ये वाचता आली. आणि जे वाचू शकले, त्यांतल्याही सुमारे पाऊण जणांनाच अर्थ सांगता आला. हिशोब करा. शंभरातल्या बेचाळीस जणांनाच वाचलेले कळते.

असे का होते? कारण आपल्याला वाचायला शिकवलेच जात नाही, पाठ करायला शिकवले जाते. परीक्षेला येणारा 'माय व्हिलेज' हा निबंध आठवा. गाइडमधल्या त्या गावात नदी असते, देऊळ असते, सगळे गुण्यागोविंदाने राहतात. त्या गावात आपली वस्ती कुठे असते? गावकुसाबाहेरच्या घरात बसून आपली पोरगी त्याच गावाचे खोटे वर्णन इंग्रजीत घोकते आणि त्यावर गुण मिळवते! खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खडे बोल सुनावले. आज तेच गोडवे आपण निबंधाच्या वहीत उतरवतो. आपल्या गावाचे वर्णन करण्याचा अधिकारच आपण गाइडवाल्याला देऊन टाकला आहे.

वर्णन म्हणजे काय, हे शिकायचे असेल तर बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचा. मसूर स्टेशनवर उतरलेली मुले. अंगात चांगले शिवलेले सदरे, डोक्यावर टोप्या. जात कळताच बदललेला स्टेशनमास्तरचा चेहरा. दुप्पट भाडे देऊनही गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. बाबासाहेब तिथे आक्रोश करत नाहीत. कोण होते, काय घातले होते, कोण काय बोलले, एवढेच सांगतात. इंग्रजी इतकी सोपी की दहावीच्या मुलाला शब्दकोश घेऊन वाचता येईल. हे छोटेसे पुस्तक अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात पाठ्यपुस्तक म्हणून वापरले जाते. आपल्या विहारात मात्र बाबासाहेबांचे खंड कपाटात आणि कपाटाला कुलूप!

आपल्यातलेच काही म्हणतील, इंग्रजी ही बहुजनांची मुक्तिदायिनी आहे, तिचा उत्सव करा. 2010 मध्ये उत्तर प्रदेशातल्या बांका गावात इंग्रजी देवीचे मंदिर उभारायला घेतले गेलेच होते. त्यामागची तळमळ आम्हाला समजते. पण ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांनी नवी देवी कशासाठी बसवायची? ऐकले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, तपासून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले. वाचून समजून घेणे म्हणजे दुसरे काय असते?

दुसरीकडे मराठी अभिमानवाले आहेत. इंग्रजीने संस्कृती बुडेल म्हणतात आणि स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालतात. त्यांना एवढेच सांगणे आहे की, 1920 मध्ये मराठीत 'मूकनायक' काढणारा आणि 1936 मध्ये इंग्रजीत 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' छापणारा माणूस एकच होता. भांडण मराठी-इंग्रजीचे नाहीच. ज्याला आपल्या गावावर दहा ओळी मराठीत लिहिता येत नाहीत, त्याला त्या इंग्रजीतही येणार नाहीत.

मित्रांनो, हा छंदाचा प्रश्न नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. इंग्रजीच्या 300 गुणांच्या पेपरात 25 टक्के मिळाले नाहीत, तर बाकीच्या पेपरांचे गुण धरलेच जात नाहीत. 2023 मध्ये आंदोलन करून विद्यार्थ्यांनी दोन वर्षे मागून घेतली. त्या दोन वर्षांत किती जणांनी रोज एक पान लिहिले? परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, पण आधी आयईएलटीएससारखी परीक्षा लागते. त्यात साठ मिनिटांत उतारे वाचून 40 प्रश्न सोडवायचे आणि एका तासात 150 आणि 250 शब्दांची दोन उत्तरे लिहायची. लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारेचा, शेतकऱ्याच्या घरचा राजू केंद्रे 2021 मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेला. त्या शिष्यवृत्तीच्या अर्जात निबंध लिहून द्यावे लागतात. ते कुठल्याही गाइडमध्ये मिळत नाहीत. आणि अत्याचाराचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले की तिथली भाषा संविधानाच्या कलम 348 नुसार इंग्रजी. निकालपत्र हातात पडल्यावर ते वाचायला आपण कोणाच्या दारात जाणार?

मग करायचे काय? रविवारी वंदनेनंतर विहारात एक तास. इंग्रजीचे एकच पान. पहिल्यांदा सगळ्यांनी मनात वाचायचे, अडला शब्द लगेच शोधायचा नाही. दुसऱ्यांदा शब्दकोश घेऊन. मग पुस्तक मिटून प्रत्येकाने मराठीत सांगायचे, लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारे म्हणतो आणि आपल्याला ते पटते का.

त्यानंतर आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर दहा ओळी. हातपंप वस्तीपासून किती पावलांवर आहे? नळाला पाणी किती दिवसांनी येते? डांबरी रस्ता नेमका कोणाच्या घरापाशी संपतो? पहिले काही महिने अन्याय, दुःख, गरीब हे शब्द वापरायचे नाहीत. अंतर, आकडा, तारीख आणि वस्तूचे नाव लिहायचे. आधी मराठीत, मग इंग्रजीत. तपासणाऱ्याने सगळे पान लाल करू नये. एका वेळी दोनच प्रकारच्या चुका दाखवाव्यात, नाहीतर पोरगी पुढच्या रविवारी येणार नाही.

याला खर्च किती? शब्दकोश, वह्या आणि कपाटाची किल्ली. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च यापेक्षा कितीतरी जास्त असतो. आपल्या वस्तीबद्दल आजवर दुसऱ्यांनी लिहिले, सरकारी अहवालात लिहिले, गाइडमध्ये तर लिहिलेच नाही. आता ते आपल्या पोरांनी लिहायचे आहे, अशा भाषेत की मुंबईच्या न्यायाधीशालाही वाचता यावे आणि लंडनच्या प्राध्यापकालाही. येत्या रविवारी कपाटाचे कुलूप काढा.

जय भीम! नमो बुद्धाय!