कर्नाळ्याची पायवाट आणि येऊ घातलेली गर्दी

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली, तेव्हा चर्चा झाली ती धावपट्टीची, जागांच्या भावांची आणि पनवेलच्या भवितव्याची. पनवेलपासून जेमतेम बारा किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत असलेल्या कर्नाळा पक्षी अभयारण्याचे नाव त्या चर्चेत क्वचितच आले. वास्तविक जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूनेच हे जंगल दक्षिण मुंबईच्या पुष्कळ जवळ आणून ठेवले होते. आता विमानतळाभोवती नवे शहर उभे राहील आणि त्या शहराची रविवार सकाळ कोठे जाणार, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही.

कर्नाळा १९६८ साली अभयारण्य घोषित झाले. तेव्हाचे क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरही नव्हते. २००३ साली ते वाढवून सुमारे १२ चौरस किलोमीटर करण्यात आले. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान १०४ चौरस किलोमीटरचे आहे, यावरून कर्नाळ्याचा जीव केवढा ते कळावे. त्यातच मधून महामार्ग जातो. सुळक्याचा किल्ला गिर्यारोहकांचा. पण ज्यांना किल्ला चढायचा नाही, त्यांच्यासाठी येथे दोन निसर्गमार्ग आहेत. त्यांपैकी ‘हरियाल’ हा लहान आणि सोपा, तर ‘मोरटाका’ त्याहून लांबचा. आजी-आजोबांनी नातवंडाचे बोट धरून झाडीतून एक फेरी मारावी आणि जेवणाच्या वेळेपर्यंत घरी परतावे, इतकी हरियालची वाट सुलभ आहे. महामुंबईच्या परिसरात अशा जागा आता बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत.

ही सुलभता हीच तिच्यापुढची खरी अडचण आहे. दुर्गम जंगलाचे रक्षण त्याची दुर्गमता करते; सोप्या वाटेला तसा कोणी पहारेकरी नसतो. गर्दी वाढली की ‘सुविधा’ हव्यात अशी मागणी होते, आणि आपल्याकडे सुविधा म्हणजे पेव्हर ब्लॉक, सिमेंटचे कठडे, रंगीत प्राण्यांचे पुतळे आणि सेल्फीसाठी चौकट, असे समीकरण पक्के झाले आहे. पर्यटनाचा निधी वेळेत खर्ची पडण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग असतो, हेही खरेच.

कर्नाळ्यात मातीच्या वाटेचे मोल तिबोटी खंड्यावरून समजते. चिमणीहून लहान, रंगांची उधळण असलेला हा पक्षी रायगडचा जिल्हापक्षी. पावसाळ्यात तो येथे वीण घालतो, ती झाडावर नव्हे, तर ओढ्याकाठच्या किंवा वाटेकडेच्या मातीच्या उभ्या दरडीत बीळ खोदून. दरड ‘सुरक्षित’ करण्यासाठी दगडी भिंत बांधली की त्याचे घर गेले. त्यासाठी एक झाडही तोडावे लागत नाही. वृक्षतोड झाली नाही म्हणून पर्यावरणाची हानी झाली नाही, हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद येथे लंगडा पडतो. घरट्यासमोर तासन् तास तळ ठोकणारे हौशी छायाचित्रकार हा आणखी एक उपद्रव. कॅमेऱ्यांची रांग लागली की पिलांना भरवायला येणारा पक्षी दूरच बसून राहतो. पक्षिप्रेमाच्या नावाखाली चाललेला हा प्रकार पक्ष्यांच्या शत्रूंनाही लाजवणारा म्हणावा लागेल.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याबाबत गप्प नाही. अभयारण्यात पर्यटनासाठी आणि छायाचित्रणासाठीही प्रवेशाची परवानगी लागते. व्यापारी निवासे, हॉटेले उभारायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या पातळीवर संमती घ्यावी लागते. मात्र कायद्याचा हा धाक मोठ्या बांधकामांना. फरसबंदी, कठडा, नाल्यावरची छोटी भिंत अशी किरकोळ कामे शेवटी व्यवस्थापन योजनेवर आणि अधिकाऱ्यांच्या विवेकावर सोडलेली असतात. लहान अभयारण्याचे नुकसान अशा किरकोळ कामांनीच होते.

मुंबईतच याला एक विचार करण्याजोगा नमुना आहे. मलबार हिलवर मार्च २०२५ मध्ये महापालिकेने झाडीतून जाणारा ४८५ मीटरचा उन्नत लाकडी मार्ग खुला केला. त्यावर कोट्यवधी रुपये खर्च झाले आणि असे मार्ग अभयारण्यात उभारावेत असे कोणी म्हणणार नाही. पण आगाऊ नोंदणी आणि तासागणिक ठरावीक प्रवेश ही त्यातली शिस्त घेण्यासारखी आहे. शहरातल्या टेकडीवर मुंबईकर ती मुकाट्याने पाळतात. मग पक्ष्यांच्या घरात शिरताना का पाळणार नाहीत?

कर्नाळ्यासाठी ती मर्यादा ऋतूनुसार असायला हवी. जून ते सप्टेंबर या काळात विणीच्या दरडींजवळचा भाग बंद ठेवणे, प्रत्येक गटाबरोबर परिसरातील ठाकूर किंवा कातकरी वाटाड्या देणे आणि त्याचे मानधन प्रवेश शुल्कातून थेट त्याला मिळणे, एवढे झाले तरी खूप झाले. त्यांना ही झाडी पाठ आहे. कठड्यांपेक्षा त्यांच्यावरील खर्च कमी येईल, आणि रोजगारही गावातच राहील. विमानतळावरील उड्डाणे वाढत जातील, तशी ही व्यवस्था लावण्याची मुदत कमी होत जाणार आहे. वन विभागाच्या हाती त्यासाठी फार पावसाळे नाहीत.