चंद्रावरून पृथ्वी

पेत्र गिंझ आमच्याच धंद्यातला. नाझींच्या तेरेझिन वस्तीत कोंडलेला प्रागचा हा पोरगा ‘वेदेम’ नावाचं हस्तलिखित साप्ताहिक काढायचा. लेख कमी पडले, की टोपणनावांनी स्वतःच पानं भरायचा. (संपादकांना ही युक्ती शिकवावी लागत नाही!) १९४४मध्ये आउशवित्झला त्याला मारलं, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता.

चंद्रावरून दिसणारी पृथ्वी त्याने पेन्सिलीने रेखाटली होती. त्या चित्राची प्रत इस्रायली अंतराळवीर इलान रामोन यांनी कोलंबिया यानातून नेली. कल्पना चावला त्यांच्या सहप्रवासी. १ फेब्रुवारी २००३ला, पेत्रच्या पंचाहत्तराव्या जन्मदिवशी, यान कोसळलं. पण त्या बातम्यांमुळेच प्रागमधल्या एका जुन्या घरात पडून राहिलेल्या त्याच्या डायऱ्या उजेडात आल्या. त्या छापल्या, त्याच्या बहिणीने.