शॉकॲब्सॉर्बरने कंबर वाचते, गाडी कलंडायची थांबत नाही

माझ्या एका शाळूसोबत्याचा मुलगा अमेरिकेत मिशिगनमध्ये असतो. चाळिशीचा, मेकॅनिकल इंजिनीअर. त्याने कोणाच्या तरी शेतातल्या कोठारात धूळ खात पडलेली एक तीनचाकी एटीव्ही विकत घेतली आहे आणि हिवाळाभर गॅरेजमध्ये बसून तिचं सस्पेन्शन बदलायचा घाट घातला आहे. फोनवर त्याने दोन प्रश्न विचारले. "काका, सस्पेन्शन चांगलं लांब पल्ल्याचं केलं तर माझ्या कंबरेला त्रास होणार नाही ना?" आणि लगेच पुढे, "मग येत्या उन्हाळ्यात मुलालाही चालवायला द्यायला हरकत नाही ना?" मुलगा अकरा वर्षांचा आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "बऱ्याच अंशी बरोबर" असं आहे आणि दुसऱ्याचं "अजिबात नको". एकाच गाडीबद्दल ही दोन उत्तरं कशी, हे समजावून सांगायला हवं.

आपल्याकडे नागाव-काशीदच्या वाळूत भाड्याने फिरवतात त्या एटीव्ही चारचाकी असतात. तीनचाकी प्रकार त्याआधीचा. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत यूएस९० नावाने तो आणला आणि पुढे एटीसी हे नाव रूढ झालं. पुढे एक चाक, मागे दोन आणि स्प्रिंग कुठेच नाही. फुग्यासारखे जाडजूड, अगदी कमी हवेचे टायर हेच सस्पेन्शन. १९८१ च्या एटीसी २५०आर मध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे सस्पेन्शन आलं, इंजिन दमदार झालं, शर्यती सुरू झाल्या. त्याच दशकात अशा वाहनांवरून पडून शेकडो माणसं दगावली आणि त्यांत मुलांचा वाटा मोठा होता. शेवटी १९८८ मध्ये अमेरिकी सरकार आणि कंपन्या यांच्यात कोर्टात तडजोड झाली आणि कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. २००८ च्या कायद्याने नव्या तीनचाकी आयात करण्याची आणि विकण्याची वाटही बंद केली. जुन्या मात्र लोकांकडे राहिल्या. आज त्यांचं वय चाळिशीच्या आसपास आहे आणि त्या प्रेमाने दुरुस्त करणारे हौशी लोक बरेच आहेत. हौसेला माझा विरोध नाही. माझ्या ओपीडीत गुडघे धरून येणाऱ्या कित्येकांना अशी एखादी हौस असती तर बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं.

आता कंबरेचं बघू. खुर्चीत बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा वरखाली हलवलं तर ते सर्वांत जास्त हेलकावतं. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो, तसंच हे. नुसत्या टायरवर चालणारी गाडी उबडखाबड जमिनीवर चेंडूसारखी उसळत राहते, कारण टायर दाबला गेला की ती ऊर्जा तो तशीच परत फेकतो. ते धक्के मणक्यांमधल्या चकत्यांवर येतात. मोठ्या माणसाच्या या चकत्यांना थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, आजूबाजूने झिरपून येईल तेवढ्या पोषणावर त्यांचं भागतं. त्यामुळे त्यांची झीज भरून यायला फार वेळ लागतो आणि बऱ्याचदा ती भरून येतच नाही. याशिवाय उंचवट्यावरून उडून सीटवर आपटलं तर बरगड्यांचा पिंजरा संपून कंबर जिथे सुरू होते तिथला मणका चेपला जातो. अशा आपटण्यात हाच मणका जास्त वेळा मोडतो.

शॉकॲब्सॉर्बरमध्ये दोन वेगळे घटक असतात. स्प्रिंग धक्का झेलते, तर आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जाऊन त्या धक्क्याची उष्णता करून टाकतं. चाळीस वर्षांच्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये बहुधा स्प्रिंगच काम करत असते, कारण तेल आणि वायू केव्हाच गळून गेलेले असतात. तो उघडून नव्याने भरला किंवा बदलला तरी अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं म्हणजे स्प्रिंग स्वतःच्या वजनाला जुळणारी निवडणं. सगळे कपडे, बूट घालून गाडीवर बसल्यावर सस्पेन्शन आपल्या एकूण पल्ल्याच्या साधारण एक तृतीयांश खाली बसलं पाहिजे. नव्वद किलोच्या माणसासाठी बसवलेली स्प्रिंग साठ किलोच्या माणसाला लाकडी पाटासारखी लागते, आणि फार मऊ स्प्रिंग पल्ला संपून खाली ठोकली की तो दणका सरळ मणक्यात जातो. एवढं नीट केलं तर कंबरेला नक्की आराम पडेल. खडबडीत भागात पायऱ्यांवर उभं राहून गुडघे थोडे वाकवले तर आणखीच. मांड्यांच्या स्नायूंइतकं चांगलं सस्पेन्शन अजून कोणत्या कारखान्यात झालेलं नाही.

पण या गाड्यांवर माणसं मरतात ती मुख्यतः गाडी कलंडून. आणि कलंडण्याच्या बाबतीत सस्पेन्शन जवळजवळ निरुपयोगी आहे. मागची दोन्ही चाकं एकाच सरळ, अखंड दांड्यावर घट्ट बसवलेली असतात आणि तो दांडा एका स्विंगआर्मला धरून फक्त वरखाली होऊ शकतो. डावं चाक दगडावर चढलं की दांडा तिरका होतो आणि त्याच्याबरोबर अख्खी गाडी तुमच्यासकट उजवीकडे झुकते. शॉकॲब्सॉर्बर कितीही महागाचा असो, त्याला यात काही करता येत नाही. आपली रिक्षाही तीनचाकी आणि कधीमधी उलटणारी, पण तिची मागची दोन चाकं वेगवेगळी वरखाली होतात आणि वळणावर वेगवेगळ्या वेगाने फिरतात. एटीसीत दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, म्हणून वळताना शरीर एका बाजूला झोकून आतलं चाक हलकं करावं लागतं. थोडक्यात, ही गाडी चालवणाऱ्याच्या वजनावर वळते.

आकडेमोड करून दाखवतो. हिशेबापुरतं धरा की मागच्या चाकांमधलं अंतर १ मीटर आहे, पुढच्या चाकापासून मागच्या दांड्यापर्यंत १.३ मीटर आहे, माणसासकट गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून दोन तृतीयांश अंतरावर आणि जमिनीपासून ७५ सेंटीमीटर उंच आहे. अशी गाडी आडव्या उतारावर सुमारे २४ अंशांना कलंडेल. तिलाच चौथं चाक असतं तर सुमारे ३४ अंशांपर्यंत टिकली असती. आता लांब पल्ल्याचे फोर्क आणि शॉकॲब्सॉर्बर बसवून गाडी ८ सेंटीमीटरने उंच केली की मर्यादा २२ अंशांवर येते. उंची न वाढवता मागचा दांडा २० सेंटीमीटरने रुंद केला तर ती २८ अंशांवर जाते. स्विंगआर्म लांब केला तर चढावर गाडी मागे उताणी पडण्याची भीती कमी होते, पण गुरुत्वमध्य तुलनेने पुढे, म्हणजे तिवईच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो आणि बाजूला कलंडण्याची शक्यता किंचित वाढते. ब्रेक मारल्यावरही वजन पुढे जाऊन हेच होतं.

म्हणून इंजिनीअर पुतण्याला माझा सल्ला असा की खर्च करायचाच तर आधी रुंदीवर कर, मग शॉकॲब्सॉर्बर मूळ उंचीतच दुरुस्त करून घे, आणि लांब पल्ल्याचा मोह सोड. फोटोत उंच गाडी रुबाबदार दिसते हे मान्य. गंमत म्हणजे आरामाचाही एक धोका आहे. दुखरा गुडघा गोळी घेऊन सुन्न केला की माणूस जास्त चालतो, तसं धक्के बसेनासे झाले की हात आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. वेग कमी कर हे आधी कंबर सांगत होती. आता सांगणारं कोणी उरत नाही.

आणि पाय. मोटरसायकल चालवणाऱ्यांना तोल गेला की पाय टेकवायची सवय असते. इथे टेकवलेल्या पायावरून मागचं चाक चढतं आणि नडगी मोडते. पाय पायरीवरच राहिला पाहिजे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे कडक बूट हवेत आणि हेल्मेटशिवाय इंजिन सुरूच करायचं नाही.

मुलाचा प्रश्न इथेच निकालात निघतो. गाडी शंभर किलोहून जड आणि मूल पस्तीस किलोचं असेल तर शरीर झोकून ती वळवणं त्याच्या ताकदीबाहेरचं आहे, आणि ती अंगावर आली तर छाती दाबून श्वास बंद होतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची अकॅडमी सोळा वर्षांखालच्या कोणालाही एटीव्ही चालवू देऊ नये असं सांगते, आणि ते चारचाकीलाही लागू आहे. "मी शेजारी उभा राहीन" याला काही अर्थ नाही. कलंडायला एक सेकंद पुरतो. मुलाला गॅरेजमध्ये पाने-स्क्रूड्रायव्हर देऊन सोबत बसवावं, त्याला तेच जास्त आवडेल.

गॅरेजमध्येही एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. काही ब्रेक क्लीनर स्प्रेमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं. त्याने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. सुरुवातीला थोडा खोकला, डोळ्यांत चुरचुर एवढंच जाणवतं आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरू लागतं. अशी शंका आली तर बरं वाटत असलं तरी इस्पितळात जाऊन निरीक्षणाखाली राहावं. डब्यावरची घटकांची यादी वाचूनच स्प्रे घ्यावा.

गाडीवरून पडल्यावर उठून चालता आलं म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. हँडलचं टोक पोटात रुतलं असेल तर बाहेर साधा ओरखडा आणि आत प्लीहा फाटलेली असू शकते. अशा वेळी पोटाबरोबर डावा खांदा दुखतो, कारण प्लीहेतून सांडलेलं रक्त श्वासपटलाला टोचतं आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं. खांद्याला काहीच लागलेलं नसताना तो दुखत असेल, चक्कर येत असेल, लघवी लाल होत असेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा असेल किंवा लघवी अडली असेल तर रात्र जाऊ द्यायची नाही. मान दुखत असेल तर हेल्मेट सोबत्यांनी ओढून काढायचं नाही आणि माणसाला उचलून बसवायचंही नाही. त्याला तिथेच पडून राहू द्यावं, मान न हलवता धरावी आणि अँब्युलन्स बोलवावी.