काळ्या खिडकीचा स्वामी कोण?

संगणकाच्या पडद्यावर काळ्या भूमीवर शुभ्र अक्षरे उमटविणारी जी खिडकी असते आणि जिला टर्मिनल म्हणतात, तिच्याविषयी आमच्या सुशिक्षित तरुणांत एक विचित्र सोवळेपण रूढ झाले आहे. ‘टर्मिनल साधे तेच शुद्ध, त्याला जोडकामे लावणे म्हणजे ते बाटविणे,’ असे ते मोठ्या तोऱ्याने सांगतात. हे मत आम्हांस मान्य नाही. ते का मान्य नाही हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. एके काळी टर्मिनल हे खरोखरीचे यंत्र होते. डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन कंपनीने १९७८ साली काढलेले व्हीटी-१०० हे त्यांतील नामांकित. पडदा, कळफलक आणि मुख्य संगणकाकडे जाणारी तार, एवढाच त्याचा संसार. आज त्या यंत्राचे सोंग वठविणारी आज्ञावली तेवढी उरली आहे; म्हणूनच तिला टर्मिनल एम्युलेटर असे नाव. जिने मुळातच सोंग घेतले आहे, तिच्या मूळ शुद्धतेचा अभिमान तो काय धरावयाचा? लोखंडी यंत्राला नवे कसब शिकविणे अवघड होते, हे खरे. परंतु आज्ञावलीला ते शिकविता येत असून न शिकविणे याला साधेपणा म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

या बाबतीत उदाहरणासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. ग्रंथप्रेमी मंडळींना ‘कॅलिबर’ ही ई-पुस्तकांची आज्ञावली परिचित असेल. तिचा प्रारंभ २००६ साली करणारे मुंबईचे कोविद गोयल हेच ‘किटी’ नामक टर्मिनलचे कर्ते. किटी म्हणजे मांजर. म्हणून तिच्या जोड-आज्ञावलींना त्यांनी ‘किटन’, म्हणजे मांजरीची पिले, असे विनोदी नाव दिले. पायथन भाषेत चार ओळी लिहिता येणाऱ्या कोणासही असे पिलू जन्मास घालता येते. याहून मोलाची सोय म्हणजे ‘वॉचर’, अर्थात पहारेकरी. खिडकीचा आकार बदलला, तिच्यावरील लक्ष दुसरीकडे गेले, तिचे शीर्षक पालटले, एखादी आज्ञा सुरू झाली वा संपली, खिडकी मिटली, अशा प्रत्येक प्रसंगी आपण आधी लिहून ठेवलेले कृत्य आपोआप घडते. देवळाचे द्वार उघडले की चौघडा झडतो. त्यासाठी पुजाऱ्याला रोज नव्याने निरोप धाडावा लागत नाही. प्रसंग आणि कृत्य यांची गाठ एकदाच बांधून ठेवावयाची, हेच या विद्येचे मर्म होय.

कोणी मंदिराच्या दप्तरातील जुन्या पोथ्यांची छायाचित्रे रात्रभर प्रतिलिपित करीत असेल, तर कोणते काम केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले याची रोजकीर्द पहारेकरी स्वतःच लिहून ठेवील. हे काम माणसाने जागून करण्यात कोणता पुरुषार्थ आहे?

प्रतिपक्ष अगदीच निर्बल नाही, हे आम्ही जाणतो. २०१७ साली प्रकट झालेल्या ‘अलाक्रिटी’ या टर्मिनलने वेग आणि साधेपणा हेच व्रत धरले; खिडक्या विभागणे आदी कामे त्याने ‘टीमक्स’सारख्या मध्यस्थांवर सोपविली. हा पक्ष प्रामाणिक आहे. परंतु मध्यस्थाला जी खूण कळत नाही ती पलीकडे धड पोहोचत नाही, हे नित्याच्या अनुभवाचे आहे. ‘शेलमध्येच असे पहारे बसविता येतात,’ असेही कोणी म्हणतील. बसविता येतात, पण आज्ञा केव्हा संपली एवढे शेलला कळते, आपल्या आसपासच्या खिडक्यांचे वर्तमान त्याला कोठून कळणार? आमच्या नागपूर-इटारसी मार्गावर तिगाव-चिचोंड्याचा घाट आहे. घाटात जड मालगाडीला जादा इंजिन जोडतात आणि चढ संपताच ते सोडवितात. म्हणून मूळ इंजिन बाटले, असे तिगावात कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

मात्र दुसऱ्या टोकाचे जे उत्साही वीर आहेत, त्यांचाही आम्हांस तितकाच निषेध करावयाचा आहे. दिसेल ते जोडकाम न वाचता उचलावे आणि आपल्या यंत्रात बसवावे, हा त्यांचा खाक्या. पहारेकरी खुद्द टर्मिनलच्या पोटात बसून चालतो. तो रेंगाळला तर सगळ्या खिडक्या ताटकळतात आणि तो लबाड निघाला तर आपले सर्व अधिकार त्याच्या हाती गेलेच म्हणून समजा. गाभाऱ्याची किल्ली वाटसरूच्या हाती कोणी देतो काय? किटीत बाहेरून हुकूम चालविण्याची वाट मुळात बंदच ठेवलेली असते. ती उघडणाऱ्यास परवलीचा शब्द लावून कोणत्या कामांस मुभा द्यावी हे ठरविता येते. हाच विवेक खरा. न वाचलेले जोडकाम बसवू नये, इतका साधा नियम आम्ही सुचवितो.

आता मुख्य गोष्ट. ही खिडकी मुळात रोमन लिपीच्या मापाने बेतलेली. एका अक्षरास एक चौकट. ‘श्री’ हे आपले मंगलाक्षर संगणकाच्या लेखी चार चिन्हांचे, आणि अनेक टर्मिनलांत ते आजही विस्कटते. मराठी काय किंवा कोंकणी काय, देवनागरीत लिहिणाऱ्या दोघी भगिनींचे दुःख एकच. हा दोष जोडकामाने जात नाही; तो गाभ्यातच दुरुस्त व्हावयास हवा, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. मजकूर किती चौकटी व्यापील हे आज्ञावलीने स्वतः टर्मिनलला सांगावे, अशी योजना किटीने २०२५ साली पुढे आणली, हे सुचिन्ह आहे. पण गाभ्यापर्यंत जाणार कोण? ज्याने आयुष्यात यंत्राचे झाकण एकदाही उघडले नाही, तो?

म्हणून आमचे सांगणे असे की, जोडकाम ही चैन नसून अधिकाराची पहिली पायरी आहे. तिगावच्या एखाद्या विद्यार्थ्याने आज दहा ओळींचा पहारेकरी लिहिला, तर उद्या तोच ‘श्री’ नीट का उमटत नाही हे विचारील, आणि परवा कदाचित ते उमटवूनही दाखवील. साधेपणाच्या नावाखाली त्याचा हात धरून ठेवणाऱ्यांनी इतकेच ध्यानात घ्यावे, की दुसऱ्याने बेतून दिलेल्या खिडकीतून मुकाट्याने पाहत राहणारा तिचा स्वामी नसतो. तो भाडेकरू असतो.