कर्णा आणि वॅटांचा हिशेब

संपादक महाशय,

घरगुती कर्ण्यास शंभर वॅटांचा ध्वनिवर्धक अपरिहार्य आहे, हा आपल्या लेखकाचा दावा गणितास मंजूर नाही; कारण एका वॅटला एक मीटरवर १०४ डेसिबल देणारा कर्णा, ८७ डेसिबलच्या सामान्य स्पीकरला पन्नास वॅट खर्चून जो नाद काढावा लागतो, तो एकाच वॅटात काढतो, आणि ३००बी ट्रायोड नळीच्या ध्वनिवर्धकाचे आठेक वॅट दिवाणखान्यास पुरून उरतात. खरी अडचण, जिचा लेखात उल्लेखही नाही, ती ही की असा कर्णा ध्वनिवर्धकाची गुणगुणही तितक्याच तत्परतेने जाहीर करतो, आणि सीडी प्लेअरच्या दोन व्होल्टांपुढे आवाजाची कळ जरा फिरवताच घर दणाणते. सबब ध्वनिवर्धकाचा गेन, म्हणजे वर्धनाचे प्रमाण, कमीच हवा. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा तलम सूर ऐकण्यास पहिला वॅट निर्मळ लागतो; उरलेल्या नव्याण्णवांची मातबरी नको.

कळावे,
एक वाचक, सातारा